थेंब सुईच्या टोकावर

चि. सोन्यास,


काल अक्कांचा फोन आला. विज्ञान प्रदर्शनासाठी तू राधानगरी धरणाचं मॉडेल करतोयस हे ऐकून बरं वाटलं, पण पुढचं ऐकून जीव थाऱ्यावर राहिला नाही. फेविक्विकच्या नळीचं टोक तू दातानं तोडतोस, नळी थेट जोडावर धरून दाबतोस, आणि परवा एक थेंब उडून भुवईवर पडला म्हणे. भुवईवर, म्हणजे डोळ्यापासून बोटभर अंतरावर. अक्का म्हणतात, त्याला ते मॉडेल बंद करायला सांग. ते मी सांगणार नाही. माझं म्हणणं एवढंच, की नळी मॉडेलला लागताच कामा नये. थेंब आधी बाजूला काढायचा आणि सुईनं उचलून जोडावर ठेवायचा. डोळा ज्या रीतीनं सांभाळला जातो, त्याच रीतीनं जोडही पक्का बसतो, हे मला तुला पटवायचं आहे.

तू म्हणशील, जास्त लावलं तर जास्त घट्ट बसेल. फेविकॉलमधलं पाणी उडून जातं तसा तो धरतो. या गोंदाचं उलट आहे. सायनोअॅक्रिलेट, म्हणजे तुझ्या फेविक्विकमधला गोंद, धरतो तो ओलाव्यानं, वस्तूच्या पृष्ठभागावर डोळ्याला न दिसणारा जो ओलावा असतो त्यानं. थर पातळ असला की दोन्ही बाजूंचा ओलावा त्याला पुरतो आणि काही सेकंदांत तो कडक होतो. जाड थराच्या पोटात ओलावा लवकर पोचत नाही. वरून कवच धरतं, आत ओलंच राहतं, आणि तू तुकडा धरून बसतोस. कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर यांच्या हाती हे रसायन पहिल्यांदा 1942 साली आलं, बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधताना. ज्याला त्याला चिकटतं म्हणून तेव्हा ते बाजूला पडलं. 1951 मध्ये त्याचा गुण ओळखला गेला आणि 1958 मध्ये ते बाजारात आलं. ज्याला त्याला चिकटणारी वस्तू दाबून, अंदाजानं सोडायची नसते. हाताला, पापणीलाही ती तितक्याच तत्परतेनं धरते.

आता मॉडेलचंच बघ. आपलं धरण 1100 मीटरहून लांब आणि सुमारे 43 मीटर उंच. 1:500 नं केलंस तरी लांबी दोन मीटरच्या वर जाते, म्हणून तू फक्त सात स्वयंचलित दरवाज्यांचा भाग घेतलायस, ते शहाणपणाचं केलंस. पण या प्रमाणात एक मिलिमीटरचा ओघळ म्हणजे खऱ्या भिंतीवर अर्धा मीटर जाडीचं ढेकूळ. तो परीक्षकांना दिसणारच. शिवाय तुझे दरवाजे हलायला हवेत. खरे दरवाजे विजेशिवाय, पाणी ठरलेल्या पातळीला चढलं की आपोआप उघडतात आणि पाणी उतरलं की मिटतात, हीच तर त्यांची ख्याती. हा गोंद मात्र पाण्यासारखा पातळ असतो, बारीक फटीत आपणहून शिरतो. हा गुण जोडात उपयोगी पडतो. तुकडे आधी कोरडेच जुळवून धर, फटीच्या कडेला सुईनं थेंब टेकव, तो आत ओढला जातो. बिजागरीत मात्र तोच गुण घात करतो: शेजारच्या जोडातून ओघळ तारेपर्यंत गेला की दरवाजा कायमचा बसला. म्हणून तारेला आधी किंचित व्हॅसलीन लाव, मगच शेजारचा जोड कर.

सुई अशी कर. जाड शिवणाच्या सुईच्या नेढ्याचं वरचं टोक पकडीनं तोडायचं, म्हणजे दोन बारीक दाते राहतात, आणि दुसरं टोक पेनाच्या रिकाम्या कांडीत बसवायचं. तोडताना तुकडा उडतो, तेव्हा सुई फडक्याखाली धर आणि चष्मा लाव. नळीला भोक टाचणीनं पाड, नळी उभी आणि तोंडापासून लांब धरून. दुधाच्या पिशवीच्या तुकड्यावर एक थेंब काढ. त्या प्लास्टिकला हा गोंद नीट धरत नाही. दोन दात्यांच्या मध्ये मोहरीएवढा थेंब राहतो, तेवढाच पुरतो. सांडलं तर कापसानं किंवा सुती फडक्यानं पुसू नकोस. कापसाशी त्याची जोरात क्रिया होते, चटका बसेल इतकं ते तापतं.

अॅक्रिलिकवर पांढरे डाग पडले म्हणून तू अक्कांपाशी कुरकुरलास. ते डाग याच गोंदाच्या वाफेचे. वाफ बोटांच्या खुणांवर जाऊन बसते; पोलीस याच वाफेनं ठसे उठवतात. राधानगरीच्या दमट हवेत आणि जादा गोंदानं हे डाग वाढतात. थेंब कमी ठेव, खिडकी उघडी ठेव. थर्माकोलला मात्र हा लावूच नकोस, वितळून खड्डा पडेल. पाया लाकडाचा असेल तर तिथं फेविकॉलच बरा. पाणी अडवणाऱ्या सांध्यांना एम-सील लाव. सतत पाण्यात हा गोंद टिकत नाही.

"वेळ नाही" हे मला पटत नाही. सुईनं लावायला जेवढा वेळ जातो, त्याहून जास्त वेळ ओघळ खरवडण्यात जातो. हे धरण बांधायला घेणारे शाहू महाराज 1922 साली गेले तेव्हा ते अपुरं होतं, पुरं व्हायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं. तुझ्या मॉडेलला चार संध्याकाळ जास्त लागल्या तर बिघडत नाही. पण डोळ्याचं पुन्हा सांगते. थेंब डोळ्यात गेलाच तर पापणी ओढू नकोस, कोमट पाण्यानं धूत राहा आणि लगेच दवाखाना गाठ. बोटं चिकटली तर साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून हळूहळू सोडव, हिसका देऊ नकोस.

रागावले म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. पोरांच्या हाती ही नळी आम्हीच देतो, ती धरायची कशी हे मात्र कुणी दाखवत नाही. मी तरुणपणी हातच्या कामाला कमी लेखलं, नुसत्या पुस्तकात डोकं घातलं. ती रुखरुख अजून आहे. तू ते करत नाहीस याचा मला किती आनंद होतो, ते तुला कळायचं नाही. सातातले चारच दरवाजे उघडले तरी चालेल रे, मी पुढच्या रांगेत बसून बघेन. आज कामाला बसण्याआधी चष्मा लाव आणि रात्री मला फोन कर.

तुझी,
आत्या