दुखत नाही, तरी गाठ दाखवा

कुत्र्याच्या अंगावरची गाठ दुखत नाही, म्हणजे काळजीचं कारण नाही, असं बहुतेक घरांत धरून चालतात. ही समजूत मला पुसून टाकायची आहे. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. शुक्रवार पेठेतल्या आमच्या दवाखान्यात जनावर येतं तोवर गाठीवर हळद-चुना लावून झालेला असतो, कुणी मुळाशी दोरा आवळलेला असतो, आणि सोप्या शस्त्रक्रियेची वेळ हातची गेलेली असते.

महिन्यातून एकदा अंगभर हात फिरवा. कारवानी कुत्र्याची गाठ नुसती दिसते, पॉमेरेनियनची केस सारून शोधावी लागते. कानामागे, काखेत, जांघेत, बोटांच्या बेचक्यांत आणि मादीच्या सडांच्या दोन्ही ओळींत बघा. गोचीड समजून काहीही उपटू नका. हरभऱ्याएवढी गाठ महिनाभर टिकली, किंवा त्याआधीच वाढली, चिघळली, तर दाखवाच. शेजारी रुपयाचं नाणं धरून फोटो काढून ठेवा.

सगळ्यात फसवी ती मास्ट सेल ट्यूमर. कुत्र्यांच्या त्वचेच्या कर्करोगांत हीच सर्वांत जास्त आढळते. तिच्या पेशींतून हिस्टामिन सुटतं, त्यामुळे ती आज फुगते, चार दिवसांनी बसते. घरचे म्हणतात, ‘उतरली की!’ उतरली तरी घेऊन या. दाबून, पिळून पाहू नका. निदानाआधी स्टेरॉइडही नको. गाठ तात्पुरती आक्रसते आणि तपासणी चुकू शकते.

मऊ लागते म्हणून चरबीचीच, असं नुसत्या हाताने मलाही सांगता येत नाही. बारीक सुईने पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहाव्या लागतात. काही मिनिटांचं काम, भूल बहुधा लागत नाही. कधी दिलासाही मिळतो: तरुण कुत्र्यांतली हिस्टिओसायटोमा बहुतेकदा २-३ महिन्यांत आपोआप जाते.

मांजरांत अशा गाठी कमी, पण घातक निघण्याचं प्रमाण जास्त. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्यावर लोळणाऱ्या पांढऱ्या मांजराचं नाक आणि कानांच्या कडा जरूर तपासा. खपली धरते, पडते, पुन्हा धरते, अशी जखम भांडणातली नसून स्क्वॅमस सेल कार्सिनोमा असू शकते. तो कानाच्या टोकापुरता असेल, तर तेवढा भाग काढून मांजर बरं होऊ शकतं. सडाजवळची गाठ मात्र मांजरात बहुतेक वेळा कर्करोगाचीच असते. तिथे महिनाभर वाट पाहू नका.

काढलेली गाठ फॉर्मलिनमध्ये तपासणीला पाठवायला सांगा, आणि तिच्या कडा रोगमुक्त आहेत का, ते अहवालात बघून घ्या. गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियेसाठी शिरवळ किंवा परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयाची चिठ्ठी मागायला संकोच करू नका.