पुसट, धूसर, अंधुक : फुलाच्या छायाचित्राची परिभाषा

उपयोजित मराठीच्या या पाठासाठी आपण एक छोटी कृती निवडली आहे : बागेतील फुलाचे छायाचित्र घेणे आणि संपादन करताना त्याची पार्श्वभूमी पुसट करणे. कृतिपर लेखनात शब्द चुकला, की वाचकाची कृतीही चुकते.

‘ब्लर’ या एका इंग्रजी शब्दापुढे मराठीत तीन शब्द उभे राहतात. ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. प्रकाश वा दृष्टी कमी पडल्याने दिसते ते अंधुक. धूळ किंवा धुके मध्ये आल्याने दिसते ते धूसर. या शब्दाचा मूळ अर्थच धुळीच्या रंगाचा, करडा असा आहे. कडा पुसल्या गेल्यावर उरते ते पुसट. भिंगामुळे कडा विरघळतात, प्रकाश घटत नाही. म्हणून येथे ‘पुसट’ हाच शब्द योग्य. ‘पार्श्वभूमी अंधुक करा’ असे लिहिले, तर वाचक ती काळोखी करून ठेवील. (अशा पुसटपणाच्या सौंदर्यासाठी इंग्रजीने ‘बोके’ हा जपानी शब्द उसना घेतला आहे. उसनवारीची लाज मराठीनेच बाळगावी असे नाही. पण घरात शब्द असताना शेजाऱ्याकडे जावे कशाला?)

आता शीवच्या किल्ल्याच्या पायथ्याचे नेहरू उद्यान डोळ्यांसमोर आणा. मुंबई बेट आणि साष्टी यांच्या सीमेवरील टेकडीवर हा किल्ला जेरार्ड आँजिअरच्या कारकिर्दीत (१६६९–१६७७) उभा राहिला. ‘शीव’ म्हणजे हद्द. ‘ग्राम’चा गाव आणि ‘नाम’चे नाव झाले, तशीच ‘सीमा’ची शीव झाली. छायाचित्रातही प्रश्न शिवेचाच असतो : फूल कोठे संपते?

समजा, समोर जास्वंद आहे. तिचा केसरदांडा पाकळ्यांच्या बराच पुढे आलेला असतो. पूर्ण चौकटीच्या कॅमेऱ्याला ५० मिलिमीटरचे भिंग लावून अर्ध्या मीटरवरून एफ/२.८ या छिद्रमानाने चित्र घेतले, तर स्पष्टतेची खोली जेमतेम दीड सेंटिमीटर मिळते. दांड्याचे टोक स्पष्ट आणि पाकळ्या पुसट, अशी गत होते. एफ/८ वर ती खोली चार सेंटिमीटरांच्या थोडी पुढे जाते. मग मागची पाने फार स्पष्ट दिसू लागली तर? छिद्र पुन्हा मोठे करण्याऐवजी आपणच दोन पावले सरकावे आणि फुलामागे जवळचे कुंपण न येता किल्ल्याची दूरची भिंत येईल अशी जागा शोधावी. माझ्या मते निम्मे संपादन येथेच होते.

मोबाइलचा संवेदक लहान असल्याने त्याच्या चित्रात बहुधा सारेच स्पष्ट येते. पुसटपणा गणिताने आणला जातो. यंत्र फुलाभोवती एक मुखवटा आखते आणि बाहेरचा भाग पसरवते. जास्वंदीच्या टोकावरील पाच बारीक कुक्षी या मुखवट्यातून हमखास निसटतात. दोन पाकळ्यांमधल्या फटीतले हिरवे पान मात्र स्पष्टच राहते. चित्र मोठे करून कड तपासावी आणि मुखवटा हाताने दुरुस्त करावा. फुलाभोवती तांबडी प्रभा दिसली, तर पार्श्वभूमीच्या थरात फूल तसेच राहिले आहे असे समजावे. आधी त्या थरातून फूल काढून तेथे आसपासची पाने भरावीत, मग थर पुसट करावा. खऱ्या भिंगाचा पुसटपणा अंतरागणिक वाढतो. म्हणून देठ, मग जवळचे पान, मग भिंत अशा चढत्या क्रमाने तो द्यावा. सर्वत्र सारखा दिला, तर फूल पुठ्ठ्यातून कापून चिकटवल्यासारखे दिसते.

वनस्पतीची नोंद म्हणून चित्र द्यायचे असेल, तर हे काही करू नये. पानांची मांडणी हीच तेथे माहिती असते. अन्यत्र ‘पार्श्वभूमी संपादित’ एवढे दोन शब्द चित्राखाली लिहावेत.

सराव : एका फुलाच्या चित्राची पार्श्वभूमी पुसट करण्याच्या सूचना शंभर शब्दांत लिहा. ‘अंधुक’, ‘धूसर’, ‘पुसट’ यांपैकी निवडलेल्या शब्दाचे कारण द्या. हे काम पूर्वी न केलेल्या घरातील व्यक्तीला त्या सूचना वाचायला द्या. ती जेथे अडखळेल, ते वाक्य पुन्हा लिहा.