गोष्टी लिहिणारे शास्त्रज्ञ

डॉ. जयंत नारळीकर यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापूर येथे झाला. ते थोर खगोलशास्त्रज्ञ होते. पुण्यातील 'आयुका' या संस्थेचे ते पहिले संचालक. या शास्त्रज्ञाला एक छंद होता. ते विज्ञानकथा लिहीत.

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा घेतली. नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, पण स्वतःचे नाव दिले नाही. नाव पाहून कोणी बक्षीस देऊ नये, असे त्यांना वाटत होते. त्यांनी आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी केली व 'नारायण विनायक जगताप' हे नाव घेतले. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून कथा लिहून घेतली. निकाल लागला. पहिले बक्षीस जगतापांना मिळाले!

'धूमकेतू' ही त्यांची एक प्रसिद्ध कथा. एक धूमकेतू पृथ्वीवर आदळणार असतो. शास्त्रज्ञ यान पाठवून त्याची वाट बदलतात. पण घरचे लोक म्हणतात, "यज्ञ केला म्हणून संकट टळले!"

असे विचार केवळ कथेतच असतात का? ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी गाव भूकंपाने उद्ध्वस्त झाले. या भूकंपात हजारो माणसे झोपेतच गेली. अशा वेळी दुःखी मन विचारते, "आमचे काय चुकले?" विज्ञान सांगते, ही कोणाच्या पापाची शिक्षा नव्हे. जमिनीच्या पोटात ताण साठतो, खडक तुटतात आणि धरणी हादरते. दगडमातीच्या जाड भिंती व जड छपरे कोसळल्याने फार माणसे दगावली. भूकंप नेमका केव्हा होईल, हे विज्ञानाला अजून सांगता येत नाही. घर कसे बांधावे, हे मात्र सांगता येते.

ही दृष्टी लोकांना मिळावी, म्हणून नारळीकर लिहीत राहिले. २०२१ साली नाशिकच्या ९४ व्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २० मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या कथा मात्र आपल्याला आजही विचारतात, "असे का झाले?"

शब्दार्थ
आद्याक्षर – नावाचे पहिले अक्षर
उद्ध्वस्त होणे – पूर्ण नाश होणे
दगावणे – मरण पावणे

स्वाध्याय
१. नारळीकरांनी दुसरे नाव का घेतले?
२. किल्लारीत फार माणसे का दगावली?
३. 'वाट बदलणे' याचा वाक्यात उपयोग करा.
४. तुमच्या गावातील एखाद्या अफवेमागील खरे कारण शोधा व पाच वाक्ये लिहा.