आंतरराष्ट्रीय पदविका परीक्षेची तयारी : एका निबंधाच्या निमित्ताने

आपल्या शाळेच्या स्मरणिकेसाठी आजवर आम्ही इतिहासावरच लिहीत आलो. या खेपेस संपादक मंडळाने निराळा विषय सुचविला आणि त्यास कारणही तसेच आहे. दहावीनंतर शिष्यवृत्तीच्या बळावर ‘इंटरनॅशनल बॅकलॉरिएट’, म्हणजे आय. बी. पदविकेला, किंवा केंब्रिजच्या ए लेव्हलला जाण्याची वाट आपल्या वसतिगृहातील मुलामुलींनाही आता दिसू लागली आहे. पालक सभेत हमखास प्रश्न येतो, “सर, हे म्हणजे आपली बारावीच ना?” आम्हीही प्रथम होय असेच उत्तर दिले होते. ते उत्तर किती अपुरे होते, हे आमच्याच एका विद्यार्थिनीने आम्हांस शिकविले. ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांची ही मुलगी पाचवीपासून आपल्याकडे होती. तिच्या संमतीने, परंतु तिचे नाव न घेता, तो अनुभव येथे मांडीत आहोत.

प्रथम रचना समजून घेऊ. आय. बी. ची स्थापना १९६८ साली जिनिव्हा येथे झाली. तिची पदविका दोन वर्षांची असून विद्यार्थ्यास सहा विषय घ्यावे लागतात. त्यांपैकी साधारणतः तीन उच्च स्तरावर व तीन सामान्य स्तरावर असतात. उच्च स्तराच्या विषयासाठी २४० आणि सामान्य स्तराच्या विषयासाठी १५० तास अध्यापन अपेक्षित आहे. प्रत्येक विषयास ७ पैकी गुण मिळतात, म्हणजे सहा विषयांचे ४२ झाले. उरलेले ३ गुण ‘थिअरी ऑफ नॉलेज’ हा ज्ञानविचाराचा विषय आणि ४००० शब्दांच्या मर्यादेतील विस्तृत निबंध यांच्या एकत्रित दर्जावर मिळतात. एकूण ४५. इतर अटी पूर्ण करून किमान २४ गुण मिळविणाऱ्यास पदविका मिळते. यांखेरीज सर्जन, शारीरिक कृती आणि सेवा यांचा एक भाग असतो. त्यास गुण नाहीत, पण तो पूर्ण केल्यावाचून पदविका हाती येत नाही.

केंब्रिजची पद्धत यापेक्षा सुटसुटीत आहे. तेथे तीन किंवा चार विषय निवडून त्यांतच खोल जाता येते. पहिल्या वर्षाअखेर ए. एस. स्तराची परीक्षा देऊन ते गुण पुढे नेण्याची सोयही आहे. एखाद्या विषयात विलक्षण गती आणि भाषांचा कंटाळा, अशा विद्यार्थ्यास ती अधिक मानवते. आमचा प्रत्यक्ष संबंध आय. बी. शी आला, म्हणून पुढील विवेचन तिच्याविषयी.

आपली मुले पहिली चूक करतात ती वेळेच्या हिशेबात. राज्य मंडळाच्या परीक्षेचा आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांचा सराव आहे. दिवाळीपर्यंत वर्गात ऐकावे, दिवाळीनंतर पाठांतरास लागावे, फेब्रुवारीत जागरणे करावीत. आय. बी. त ही रीत साफ बुडविते. कारण अंतिम लेखी परीक्षा दुसऱ्या वर्षी मे महिन्यात असली, तरी तोवर गुणांचा मोठा वाटा ठरून गेलेला असतो. प्रत्येक विषयाचे अंतर्गत काम असते. विज्ञानात स्वतः आखलेला प्रयोग, गणितात स्वतंत्र अन्वेषण, इतिहासात २२०० शब्दांचा शोधलेख. त्यात विस्तृत निबंध आणि ज्ञानविचाराचा १६०० शब्दांचा निबंध मिळवा. हे सारे दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत एकमेकांवर कोसळते. त्याच महिन्यांत परदेशी विद्यापीठांचे अर्ज भरावयाचे आणि सराव परीक्षाही द्यावयाच्या.

म्हणून वेळापत्रक शेवटाकडून आरंभाकडे आखावे. आमच्या विद्यार्थिनीने दुसऱ्या वर्षी जे भोगले, त्यावरून आम्ही नंतरच्या मुलांना सांगतो की, पहिल्या वर्षाच्या जानेवारीत निबंधाचा विषय ठरवा, मार्चपर्यंत संशोधनाचा प्रश्न एका वाक्यात लिहून मार्गदर्शकास दाखवा, आणि उन्हाळी सुटीत गावी जाण्यापूर्वी साधनांच्या छायाप्रती बरोबर घ्या. पहिला कच्चा खर्डा सुटीतच झाला पाहिजे. गावी वीज नसते, घरात जागा नसते, लहान भावंडे असतात, हे आम्ही जाणतो. म्हणूनच यंदापासून मे महिन्यात आपल्या ग्रंथालयाची खोली अशा माजी विद्यार्थ्यांसाठी उघडी ठेवण्याची विनंती आम्ही व्यवस्थापनास केली आणि ती मान्य झाली.

आता इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेकडे वळतो. येथे आमचा स्वतःचा पराभव सांगावा लागेल.

तिच्या वेळच्या अभ्यासक्रमात पहिल्या प्रश्नपत्रिकेसाठी ‘हक्क आणि निषेध’ हा विषय होता. अमेरिकेतील नागरी हक्कांची चळवळ १९५४ ते १९६५ आणि दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेषी राजवट १९४८ ते १९६४, अशी दोन प्रकरणे. आम्ही आनंदलो. आपल्या मुलांना हा विषय परका नाही. माँटगोमेरीतील बस बहिष्कार सांगताना त्यांना चवदार तळे आपोआप आठवते. शार्पव्हिलचा गोळीबार २१ मार्च १९६० चा, महाडचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा. वसतिगृहात या दोन तारखा आम्ही मुलांना एकापाठोपाठ एक पाठ करून घेतल्या होत्या. पहिल्या सत्राच्या चाचणीस तिने शार्पव्हिलवर तीन पाने लिहिली. पासचा कायदा, मृतांची ६९ ही संख्या, काहीही चुकले नव्हते. गुण मिळाले ७ पैकी ३. उत्तरपत्रिकेच्या समासात तिच्या शिक्षिकेने एवढेच लिहिले होते : “स्रोत कोठे आहे?”

त्या रात्री तिचा फोन आला. “जय भीम, सर. सगळं बरोबर लिहिलं होतं हो मी.” ते खरेच होते. परंतु प्रश्न माहितीचा नव्हता. या प्रश्नपत्रिकेत चार उतारे किंवा चित्रे देतात, चार प्रश्न विचारतात, २४ गुण आणि एक तास. एका प्रश्नात विशिष्ट साधनाचा उगम, हेतू व आशय पाहून इतिहासकारास त्याचे मूल्य काय आणि मर्यादा कोणत्या, ते सांगावयाचे असते. गुण चार. तिने त्या चार गुणांवर अर्धा तास घालविला आणि समोरच्या उताऱ्याला स्पर्शही केला नाही. शेवटच्या ९ गुणांच्या प्रश्नास वेळ उरला नाही. हा दोष तिचा नव्हता. पंचवीस वर्षे फळ्यावर मुद्दे लिहून ते उतरवून घेणाऱ्या आमच्या शिकविण्याचा होता.

मग आम्ही दोघेही नव्याने शिकू लागलो. दर रविवारी सायंकाळी फोनवर एक उतारा घ्यावयाचा. हे कोणी लिहिले, केव्हा, कोणासाठी, कशासाठी? भाषा कोठे तापली आहे आणि कोठे सावध झाली आहे? काय सांगितलेले नाही? नंतर घड्याळ लावून लेखन. पहिल्या प्रश्नाच्या दोन भागांस मिळून १० मिनिटे, मूल्य-मर्यादेस १०, दोन साधनांच्या तुलनेस १५ आणि अखेरच्या प्रश्नास २५. प्रश्नातील आज्ञार्थी शब्द तिने एका वहीत मराठीतून फोडून लिहिले. ‘वर्णन करा’ आणि ‘मूल्यमापन करा’ यांतील फरक कळल्यावर तिचे अर्धे दडपण गेले. ‘कितपत’ असे विचारले असता केवळ होय किंवा नाही हे उत्तर होत नाही. होय असल्यास कोठपर्यंत, आणि त्यापुढे कोणते कारण अधिक वजनाचे, हे सांगावे लागते. जुन्या प्रश्नपत्रिकांबरोबर गुणदानाचे निकषही वाचावेत, हा सल्ला आम्ही प्रत्येकास देतो. परीक्षक काय शोधतो ते ठाऊक नसता केलेली मेहनत निम्मी वाया जाते. शिवाय अभ्यासक्रम काही वर्षांनी बदलतात. आपल्या तुकडीस कोणता आराखडा लागू आहे, हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्यावे.

विस्तृत निबंधासाठी तिने महाड निवडले. प्रथम पाठविलेला विषय होता, ‘महाडचा मुक्तिसंग्राम आणि बाबासाहेबांचे महान कार्य’. मार्गदर्शकांनी तो परत केला. यात प्रश्न नाही, असे त्यांचे म्हणणे. आम्हांस राग आला, हे लपवीत नाही. पण त्यांचे म्हणणे योग्य होते. पुष्कळ खटपटीनंतर प्रश्न ठरला : १९२३ च्या बोले ठरावाची अंमलबजावणी न होणे हे मार्च १९२७ मधील महाडच्या कृतीचे कारण कितपत ठरते?

आता कामाला दिशा आली. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा व कचेऱ्या अस्पृश्यांस खुल्या करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. प्रत्यक्षात पाण्याला हात लावण्याची सोय झाली नाही. १९ आणि २० मार्च १९२७ ची परिषद, तळ्यावर जाणे, त्यानंतरचा हल्ला, डिसेंबरातील दुसरी परिषद आणि २५ डिसेंबरचे मनुस्मृतिदहन, पुढे १९३७ साली उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल. हा क्रम आपल्याला पाठ आहे. परंतु केवळ ठराव कागदावर राहिला म्हणून लोक आले काय? कोकणातील निवृत्त महार सैनिकांची जागृती, रामचंद्र बाबाजी मोरे आदी स्थानिक कार्यकर्त्यांची बांधणी, सुरेंद्रनाथ टिपणीस व अनंतराव चित्रे यांच्यासारख्यांचे साहाय्य, यांचे वजन किती? हे तिला तोलावयाचे होते.

साधनांमध्ये ‘बहिष्कृत भारत’ होते. त्याचा पहिला अंक ३ एप्रिल १९२७ चा, म्हणजे घटनेनंतर अवघ्या दोन आठवड्यांचा. एका रविवारी तिने विचारले, “सर, बाबासाहेबांच्या लेखाची मर्यादा लिहायची आहे. लिहू का?”

आम्ही बराच वेळ गप्प राहिलो. ज्या घरात सकाळी त्यांच्या प्रतिमेसमोर हात जोडले जातात, तेथे हा प्रश्न सोपा नाही. तिने लिहिले आणि ते आमच्याच विद्यार्थिनीचे आहे असे कोणी म्हटले, तर? अखेर आम्ही ‘द अनटचेबल्स’ या १९४८ च्या ग्रंथाची प्रस्तावना काढून पुन्हा वाचली. पुराव्यातील तुटलेले दुवे कसे जोडावेत याची चर्चा बाबासाहेबांनी तेथे उघडपणे केली आहे आणि आपला सिद्धान्त हा अंतिम शब्द असल्याचा दावा त्यांनी केलेला नाही. लंडन विद्यापीठाच्या परीक्षकांनी रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध फेरमांडणीसाठी परत केला, तेव्हा त्यांनी तो पुन्हा लिहून सादर केला आणि १९२३ साली डी. एस्‌सी. मिळविली, हेही त्या रात्री नव्या अर्थाने आठवले. दुसऱ्या दिवशी आम्ही तिला कळविले, लिही.

तिने लिहिले ते असे : हे लेखन घटनेच्या निकट असून तिच्या नेत्याचे आहे, म्हणून आंदोलकांचा हेतू जाणण्यास त्याचे मूल्य फार मोठे आहे. मात्र ते विखुरलेल्या समाजास पुढच्या लढ्यासाठी उभे करण्याकरिता लिहिलेले असल्याने स्थानिक तयारीचा तपशील त्यातून पुरेसा मिळत नाही, त्यासाठी अन्य साधने पाहावी लागतात. यात कोणाचा अवमान आहे? उलट त्या अन्य साधनांमुळे ज्या अनाम माणसांनी गावोगाव फिरून परिषद उभी केली, ती निबंधात आली. निबंधास ब श्रेणी मिळाली, आणि इतिहासात अखेरीस ७ पैकी ५. फार थोर यश म्हणून आम्ही हे सांगत नाही. तीनवरून पाचवर येण्यास किती रविवार लागले, ते आम्हांस ठाऊक आहे.

पालकांसाठी काही व्यावहारिक गोष्टी. भारतीय विद्यापीठ संघ आय. बी. पदविकेस बारावीच्या समकक्ष मानतो. परंतु वैद्यकीय वा अभियांत्रिकीकडे जावयाचे असल्यास त्यासाठी लागणारे विषय सहांत असलेच पाहिजेत. विषय निवडीच्या दिवशी झालेली चूक दोन वर्षांनी सुधारता येत नाही. मे महिन्याच्या परीक्षेचा निकाल जुलैच्या आरंभी लागतो आणि आपल्याकडील काही प्रवेश तोवर सुरू झालेले असतात, म्हणून शाळेकडून अपेक्षित गुणांचे पत्र वेळेवर घ्यावे. जातवैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच करावा. परदेशी शिक्षणासाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएच. डी. साठी आहे. पदवीसाठी तिच्या भरवशावर राहू नये. पदवीकरिता विद्यापीठाच्या स्वतःच्या गरजाधारित साहाय्यासाठीही अर्ज करता येतो. मुळशीजवळील युनायटेड वर्ल्ड कॉलेजसारख्या संस्था पदविकेच्या दोन वर्षांसाठीच गरजेनुसार साहाय्य देतात. तेथील निवड केवळ दहावीच्या गुणांवर होत नाही, अर्ज व मुलाखतही पाहतात. आपल्या मुलांनी नववीपासूनच इंग्रजीतून स्वतःचे मत सांगण्याची सवय केली, तर तेथे घाबरगुंडी उडणार नाही.

त्या निबंधाची एक प्रत, तिची आज्ञार्थी शब्दांची वही आणि काही जुन्या प्रश्नपत्रिका आपल्या ग्रंथालयात इतिहासाच्या कपाटात ठेवल्या आहेत. रविवारी वंदनेनंतर अकरा ते एक आम्ही तेथे असतो. ज्या माजी विद्यार्थ्यांनी ही किंवा केंब्रिजची परीक्षा दिली असेल, त्यांनी आपले वेळापत्रक, विशेषतः फसलेले वेळापत्रक, शाळेच्या पत्त्यावर धाडावे. पुढील जूनमध्ये दोन मुली निघणार आहेत.