बाळ ‘आळशी’ नसतं



चिंचपाड्यात घरभेटीला गेलो की आम्ही ऐकतो, "आमचं बाळ जरा आळशी आहे, बसेल उशिरा." बाळ आळशी नसतं. ते उशीर करत असेल तर काहीतरी सांगत असतं.

जन्माचं वजन साधारण 5 महिन्यांत दुप्पट, वर्षात तिप्पट होतं. पण वजनकाट्यावर बाळाची समज दिसत नाही. म्हणून हेही पाहा :

• 2 महिने : तुमच्याकडे बघून हसतं
• 4 महिने : मान धरतं
• 6 महिने : आवाजाकडे वळतं
• 9 महिने : आधाराशिवाय बसतं
• 12 महिने : धरून उभं राहतं, एखादा शब्द बोलतं

थोडं मागेपुढे चालतं. पण 9 महिने भरूनही बसत नसेल, किंवा येत असलेलं विसरलं, तर उतारा-अंगाऱ्यात दिवस घालवू नका. आशाताईंना सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत मोफत तपासणी करतं.

6 महिने फक्त आईचं दूध, नंतर सोबत घट्ट वरण-भात, कुस्करलेलं अंडं. भरवताना बाळाशी बोला. त्यानेही मेंदू वाढतो.

ऊसतोडीला गुजरातेत जाताना माता-बाल संरक्षण कार्ड गाठोड्यात पहिलं ठेवा.