द्राक्ष निर्यात : एका मिलिग्रॅमचा धडा

माल उत्तम, भाव ठरलेला, जहाजही बंदराला लागलेले. आणि तरीही माल स्वीकारला जात नाही. असा प्रसंग २०१० साली महाराष्ट्रातील द्राक्ष बागायतदारांवर ओढवला. युरोपात पोहोचलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढनियंत्रकाचे अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळले. ही मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे २० किलो द्राक्षांत अवघा १ मिलिग्रॅम. वेलीची वाजवीपेक्षा जास्त वाढ रोखण्यासाठी हे रसायन सर्रास वापरले जाई; परंतु निर्यातपूर्व तपासणीच्या यादीत ते नव्हते. त्यामुळे प्रयोगशाळेचा दाखला हाती असूनही अनेकांना मोठे नुकसान सोसावे लागले.

अन्नसुरक्षा आणि वनस्पती-आरोग्य यांविषयीचा जागतिक व्यापार संघटनेचा करार १ जानेवारी १९९५ पासून अमलात आहे. आपल्या नागरिकांच्या आरोग्यासाठी नियम करण्याचा हक्क तो प्रत्येक देशाला देतो. मात्र त्या नियमांना शास्त्रीय आधार असावा आणि त्यांच्या आडून व्यापाराची अडवणूक होऊ नये, अशी अट आहे. नियम सर्वांना सारखा असला, तरी त्याचा भार सारखा नसतो. तपासणीचे शुल्क, फवारणीच्या नोंदी, प्रमाणपत्रे यांचा खर्च दोन एकरांच्या बागायतदाराला अधिक जड जातो.

यावर उपाय संघटनेचा आणि नोंदींचा. १९९१ मध्ये स्थापन झालेल्या ‘महाग्रेप्स’ने सहकारी संस्थांना एकत्र आणून छोट्या बागायतदारांसाठी परदेशी बाजारपेठेची वाट मोकळी केली. ‘अपेडा’ने २००६ मध्ये ‘ग्रेपनेट’ ही संगणकीय व्यवस्था सुरू केली. तीत बागेची नोंदणी होते, काढणीपूर्वी नमुना तपासला जातो आणि पेटीचा माग थेट बागेपर्यंत काढता येतो. २०१० नंतर क्लोरमेक्वाटचीही तपासणी होऊ लागली.

या अनुभवात बँकेच्या ग्राहकांसाठीही बोध आहे. निर्यात पतविम्याच्या सर्वसाधारण पॉलिसीत मालाच्या गुणवत्तेविषयीचा वाद समाविष्ट नसतो. खरेदीदाराच्या देशातील न्यायालयाने निर्यातदाराच्या बाजूने निकाल दिल्याखेरीज भरपाई मिळत नाही. सबब, नाकारलेल्या मालाचा तोटा बहुधा उत्पादकाच्याच माथी येतो. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून निर्यातीसाठी कर्ज घेताना आणि देताना बागेची नोंदणी, फवारणीची वही आणि तपासणी अहवाल ही कागदपत्रे सातबाराच्या उताऱ्याइतक्याच काळजीने पाहिली जावीत. फवारणीच्या दिवशी लिहिलेली एक ओळ पुढे अख्ख्या हंगामाची राखण करते.