पर्यायी पानिपत : गोळी आणि विद्या

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासराव गोळी लागून पडले आणि मराठी भाषेला एक कटू श्लेष मिळाला. 'विश्वास पानिपतावरच गेला' असे लोक आजही म्हणतात. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही विज्ञानकथा हा गेलेला विश्वास परत आणते. गोळी कानाजवळून निघून जाते आणि पुढचा सारा इतिहास पालटतो.

भाऊसाहेबांच्या बखरीपासून त्र्यं. शं. शेजवलकरांच्या विवेचनापर्यंत पानिपतविषयक लेखनाचा मुख्य प्रश्न 'पराभव का झाला?' हा राहिला. 'तो झाला नसता तर?' हा प्रश्न प्रथमदर्शनी केवळ मनाचे समाधान करणारा वाटतो. शिवाय त्यावर एक रास्त आक्षेप संभवतो. प्लासीची लढाई १७५७ मध्येच झाली होती आणि १७६५ मध्ये बंगालची दिवाणी कंपनीच्या हाती आली. उत्तरेतील एका विजयाने ही प्रबळ परकी सत्ता कशी थोपली असती?

कथा हा आक्षेप टाळत नाही. विजय येथे केवळ अवसर ठरतो. पेशवे शास्त्र-तंत्राची केंद्रे उभारतात. त्यासाठी कंपनीचे साहाय्य ते घेतात, परंतु ही केंद्रे स्वावलंबी होण्यापुरतेच. परिणामी कंपनी मुंबई, कलकत्ता, मद्रास यांच्या आसपास आक्रसून राहते. गोळी चुकणे हा योगायोग. स्वातंत्र्य टिकणे हे मात्र विद्येचे फळ. बखरकार जेथे दैवाला बोल लावतो, तेथे कथेतील राजेंद्र कॅटॅस्ट्रॉफी सिद्धान्त आणि इलेक्ट्रॉनची अनिश्चितता यांचा आधार घेतो. घटना अनिश्चित असली, तरी घटनेनंतरची जबाबदारी माणसाचीच उरते, हे येथे अगत्याने ध्यानात घ्यावयास हवे.

कथेचा शेवट याच दृष्टीने अर्थपूर्ण आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत त्या स्वाधीन जगाने मोहित होतात. परंतु आझाद मैदानावरील सभेत अध्यक्षाची रिकामी खुर्ची पाहून ते तिच्याकडे धाव घेतात, तेव्हा भाषणांना कंटाळलेला तो समाज त्यांना पिटाळून लावतो. पानिपत जिंकलेल्या जगात पानिपतावर व्याख्यान देणाऱ्याला जागा नाही. पराभवाचे चर्वण करीत राहणाऱ्या आपल्या व्यासंगाला यापरता मार्मिक चिमटा मराठी विज्ञानकथेने क्वचितच काढला असेल.